बंद लखोटे, उघडे कान

२ मार्च

सूनबाई, लिही. डॉक्टर म्हणाले, घरी नेल्यावर यांचं रोजचं टिपून ठेवा: किती खाल्लं, किती चालले, झोप लागली का. ते तू वहीच्या पुढच्या बाजूने लिहितेसच. आता वही उलटी धर आणि मागच्या बाजूने माझं लिही. पुढे यांचं हृदय, मागे बाकीचे हे. डॉक्टरांना फक्त पुढची बाजू दाखवायची.

मला अक्षर येत नाही. लग्न झालं ते नकाशे काढणाऱ्या माणसाशी. पहिल्या वर्षी यांनी मला शिकवायचा घाट घातला होता. पण पेन्सिलीला मनासारखं टोक काढायलाच यांना इतका वेळ लागायचा, की शिकवणी सुरू होईपर्यंत माझं दूध उतू जायचं. शेवटी मी म्हटलं, तुम्ही टोक काढा, मी दूध बघते. आजवर तेच चाललंय.

टोकाचंच यांना वेड लागलं. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, आमच्या घरात टोकयंत्रं. पितळेची, लोखंडाची, पत्र्याची, शिवणयंत्रासारखी, पृथ्वीच्या गोलासारखी. फडताळ भरून आहेत. पाहुणे विचारतात तेव्हा मी सांगते, की या सगळ्यांवर मिळून आयुष्यात मी एकच वाक्य बोलले, "पुरे आता." तेही कोणी ऐकलं नाही.

दवाखान्यातून आल्यापासून यांनी त्या फडताळावर चादर टाकायला लावली आहे. तिकडे बघत नाहीत. जेवण पुढे ठेवलं की जेवतात, गोळी दिली की घेतात. मीठ कमी पडलं तरी बोलत नाहीत. काल मी मुद्दाम मीठ घातलंच नाही. सगळं संपवलं आणि हात धुतले.

यांचं हृदय डॉक्टर बघतील. हे भांडेनासे झालेत, ते कोण बघणार? मला त्याचीच भीती आहे. हे वाक्य खोडू नकोस.

५ मार्च

मुलाने बापासाठी भेट आणली. विजेवर चालणारं टोकयंत्र. पेन्सिल घातली की आपोआप घुर्रर्र करतं. वाटलं, आता तरी हे उसळतील. यांच्या मते विजेवरचं टोकयंत्र म्हणजे दुसऱ्याकडून चावून घेतलेला घास. पण यांनी "छान आहे" म्हटलं आणि कूस बदलली. मुलगा बिचारा खूश. नातीने ते उचलून नेलं आणि दुपारपर्यंत घरातल्या सगळ्या पेन्सिली करंगळीएवढ्या केल्या.

सूनबाई तेवढी नाराज. तिने त्या यंत्राचं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "आई, याचं पातं एकेरी आहे, लाकूड फाडतं." तू हे कुठे शिकलीस म्हटलं, तर म्हणाली, बाबा सांगायचे. खरंय. ऐकून ऐकून भिंतीही शहाण्या झाल्या असतील.

९ मार्च

मिशीवाल्यांची लेक येऊन गेली.

मिशीवाले कोण ते लिही, नाहीतर पुढे मलाच आठवायचं नाही. नकाशांच्या कचेरीत यांच्या समोरच्या टेबलावर बसायचे. मिशी इतकी, की चहा पिताना आधी मिशी प्यायची. तेही टोकयंत्रं जमवायचे. दोघांनी आयुष्यभर एकमेकांवर कुरघोडी केली. हे दवाखान्यात असताना ते गेले. ही बातमी यांना कशी सांगायची म्हणून आम्ही घाबरलो होतो. ऐकल्यावर हे एवढंच म्हणाले, "जिंकून गेला."

तर मिशीवाल्यांच्या लेकीने त्यांचा सगळा संग्रह विकायला काढलाय. लिलाववाला उघडा लिलाव करू म्हणाला. ती नाही म्हणाली. बाबांच्या वस्तूंवर लोकांनी ओरडलेलं मला ऐकवणार नाही, म्हणाली. म्हणून बंद लखोटे. ज्याला जी वस्तू हवी, त्याने कागदावर वस्तूचा क्रमांक, आपली रक्कम आणि नाव लिहायचं, लखोटा चिकटवायचा, पेटीत टाकायचा. एकदाच. मागाहून बदल नाही. ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर उघडणार. ज्याची रक्कम मोठी, त्याची वस्तू.

"त्यात इंजिनही आहे, काका," ती यांना म्हणाली.

इंजिन म्हणजे एक टोकयंत्र. काळं, ओतीव लोखंडाचं, इस्त्रीएवढं जड. आगगाडीच्या इंजिनासारखा आकार, चाक फिरवलं की लाकडाच्या साली धुराड्यातून बाहेर येतात. आत दोन पाती, एक जाडं, एक बारीक. ते पूर्वी उघड्या लिलावात निघालं होतं आणि मी शेजारी बसले होते. यांनी हात वर केला, मिशीवाल्यांनी केला, यांनी केला, त्यांनी केला. बाकीचे लोक गंमत बघत बसले. उघड्या लिलावात समोरच्याचं तोंड दिसतं, आणि आमच्या यांचं तोंड म्हणजे पाटी. मनात आणखी थोडे पैसे असले की यांचे कान लाल होतात, आणि संपत आले की पांढरे. मिशीवाले लिलाववाल्याकडे बघतच नव्हते, यांच्या कानांकडे बघत होते. कान पांढरे झाले तशी त्यांनी एकच पायरी वर चढून इंजिन उचललं. घरी येईपर्यंत हे त्यांना शिव्या देत होते आणि त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त जेवले.

लखोट्यात कान दिसत नाहीत. मी यांना तसं म्हटलंही. तुमच्यासारख्यासाठी देवाने लखोटा केलाय म्हटलं.

हे म्हणाले, "लखोट्यात काय अर्थ आहे? कोणाशी खेळतोय तेच कळत नाही."

आणि बोली लावणार नाही म्हणाले. पण लेकीने इंजिनाचं नाव घेतलं तेव्हा यांचे डोळे क्षणभर तिथेच अडकले, ते मी पाहिलं. मी बायको आहे यांची. यांना इंजिन हवंय. ते मिळालं की उठून बसतील.

१० मार्च

आज मी सहज विचारावं तसं विचारलं, की अहो, त्या इंजिनाची आज किंमत काय असेल?

हे छताकडे बघत एक आकडा बोलले. आकडा इथे लिहू नकोस. मग जरा थांबून म्हणाले, "शहाण्याने एवढेच द्यावे. वेड्याला त्याची किंमत याच्या दीडपट."

हे मी तुला सांगतेय तर तू मध्येच थांबून "दीडपट म्हणाले का दुप्पट, आई?" असं विचारलंस. दीडपट. तुझी मात्र तारीफ आहे बाई, टिपण लिहावं तर इतकं चोख.

१४ मार्च

आज मी बाहेर जाऊन आले. कुठे, ते लिहायचं नाही.

सूनबाई म्हणते, "मग काय लिहू, आई?"

लिही, गुडघा दुखतो.

१५ मार्च

गुडघा बरा आहे. औषधांच्या दुकानातल्या बाईचं अक्षर चांगलं आहे, एवढंच आज लिही. का ते विचारू नकोस.

सूनबाईही दुपारभर घरी नव्हती. बँकेत गेले होते म्हणाली. बँकेतून येताना हाताला काळं लागलंय, जुन्या लोखंडाला हात लावल्यासारखं. बँकेची तिजोरी पुसायला लावतात की काय तुला? हसू नकोस, लिही.

१८ मार्च

यांचं तेच. डॉक्टर येऊन गेले. हृदय छान चाललंय म्हणाले. मी विचारलं, "मग माणूस का चालत नाही?" ते म्हणाले, "आजी, धीर धरा." यांना मी म्हटलं, डॉक्टरांची नाडी बघायची पद्धत चुकीची आहे. पूर्वीचे हे असते तर नाडी कुठल्या बोटाने बघावी यावर डॉक्टरांना अर्धा तास बसवून घेतलं असतं. हे म्हणाले, "असेल."

"असेल." लग्नापासून मी हा शब्द यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

२२ मार्च

आज लखोटे उघडले. सविस्तर लिही, आणि स्वतःबद्दल आलं तरी गाळू नकोस.

मिशीवाल्यांची लेक म्हणाली होती, ओळखीचं कोणी असलं की मला बरं वाटेल. म्हणून मी निघाले. सूनबाई म्हणाली, तुम्हाला एकटं कसं पाठवू. मी म्हटलं, माझं काही काम नाही गं तिथे. ती म्हणाली, माझं तरी काय आहे. अशा आम्ही दोघी बिनकामाच्या बायका वेळेच्या आधी जाऊन पहिल्या ओळीत बसलो.

उघड्या लिलावात माणसं सतत हलतात, खोकतात, एकमेकांकडे चोरून बघतात. इथे सगळे परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे मांडीवर हात ठेवून. जे करायचं ते करून झालेलं. लिलाववाला हातोडा नसल्यामुळे कसनुसा झाला होता, टेबलावर बोटं वाजवत होता. कात्रीने लखोटे कापायचा, वाचायचा, की पुढचा.

इंजिनाची पाळी आली. लखोटे चार.

पहिला भंगारवाल्याचा. त्याने वजनावर रक्कम लावली होती. लोक हसले. दुसरा दातांच्या डॉक्टरांचा, यांच्या शहाण्याच्या आकड्याच्या आतच. ते मागच्या ओळीत बसून होते, त्यांचा चेहरा अगोदरच जिंकल्यासारखा.

तिसरा लखोटा. रक्कम वाचली आणि मी दचकले. यांचा आकडा आणि त्याची बरोबर निम्मी भर. दीडपट, वर एक कवडी नाही. नाव वाचलं ते एका बाईचं. आडनाव ओळखीचं वाटलं, पण पटकन जागेवर बसेना. शेजारी बघते तर सूनबाई मांडीवरची पिशवी घट्ट आवळून बसलेली. मग आठवलं, हे हिचं माहेरचं नाव आणि आडनाव.

मी काही बोलणार इतक्यात चौथा लखोटा कापला.

"रक्कम," लिलाववाला वाचायला लागला आणि थांबला. "रक्कम आत्ताच्या रकमेहून थोडी जास्त आहे. सहीच्या जागी अंगठा आहे." आणि माझं नाव वाचलं.

सूनबाई माझ्याकडे बघते, मी सूनबाईकडे. एका घरातून, एका चुलीवरचा चहा पिऊन निघालेल्या दोघी, एकीचं एकीला माहीत नाही. लिलाववाला आम्हा दोघींना ओळखतो. त्याने कपाळ धरलं.

"आजी," तो म्हणाला, "उघडा लिलाव असता तर डॉक्टर केव्हाच थांबले असते. एकीने हात वर केलेला बघून दुसरीने खाली घेतला असता. कितीतरी कमी पैशांत काम झालं असतं."

मी म्हटलं, "असू दे. माझे शिवणाचे साठवलेले आहेत, कोणाच्या खिशातले नाहीत."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला गलबलून आलं. सासऱ्यासाठी एवढं करायला निघाली होती आणि मीच मध्ये आले. बसमध्ये मी तिची पाठ थोपटली. म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, कोणीही आणलं तरी घरातच आलं ना. ती "हो ना आई" म्हणाली आणि सबंध वाटभर इंजिन मांडीवर घेऊन बसली. जड आहे, मी धरते म्हटलं तर देईना.

२३ मार्च

इंजिन यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं. वर रुमाल टाकला होता. नातीने रुमाल ओढला.

यांनी पाहिलं. चाकावर बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. "तू आणलंस?"

"मग काय चालत आलं?"

"चांगलं आहे," म्हणाले. माझा हात दाबला. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी स्वयंपाकघरात येऊन ओटा पुसला. स्वच्छ होता, तरी पुसला. यापुढे माझ्याकडे काही उपाय नाही, सूनबाई. शिवणाचेही संपले.

२४ मार्च

आज जे झालं ते मला नीट कळलेलं नाही. जसं झालं तसं सांगते.

सकाळी यांना चहा दिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "लखोट्यात कळत नाही म्हणता, पण कळलं हो. दातांचे डॉक्टर तुमच्या आकड्याच्या आत होते. एका माणसाने मात्र बरोबर दीडपट लिहिलं होतं."

मी नाव सांगितलं नाही. पोरीला उगाच ओशाळं कशाला करा.

यांचा कप अर्ध्यावर थांबला. "बरोबर दीडपट?"

"वर कवडी नाही."

हे उठून बसले. आपले आपण, हाताचा आधार न घेता. "तो आकडा मी या खोलीत एकदाच बोललो होतो," म्हणाले. "तुला. आणि तू कोणाला?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "सूनबाईला बोलव," हे म्हणाले.

आता रागावतात म्हणून मी दारातच उभी राहिले. ती आली, मान खाली.

"किती दिवस चाललंय हे?" यांनी विचारलं.

"दोन वर्षं, बाबा."

"कुठे ठेवतेस?"

"कपाटात. बुटांच्या खोक्यात."

"किती?"

"सोळा. इंजिन आलं असतं तर सतरा."

"घेऊन ये." आणि मला म्हणाले, "तू जरा बाहेर थांब."

दार लोटलं. मी कान लावला, का नाही लावणार, माझं घर आहे. आधी बारीक बोलणं, मग यांचा आवाज चढला. "हे तू पितळ म्हणून घेतलंस? फसवलं तुला." तिचा आवाज त्याच्यावर. "तुम्ही खरवडून बघा, बाबा, मग बोला." मी दार ढकलून आत गेले, की माणसाचं हृदय नाजूक आहे, भांडू नका. दोघांनी एकदम माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच चुकीच्या घरात शिरलेय.

जेवताना हे म्हणाले, "आमटीत मीठ नाही."

होतं. पण मी भांडले नाही. मीठ आणून दिलं आणि आत जाऊन डोळे पुसले. हेही लिही.

४ एप्रिल

रोज चार वाजता सूनबाई चहा घेऊन यांच्याकडे जाते. फडताळावरची चादर धुवायला टाकली. दोघांच्या मध्ये टेबलावर इंजिन, आणि तासभर वाद. जाडं पातं आधी की बारीक. तेल द्यावं की मेण. मी हिला म्हटलं, म्हाताऱ्याचं मन रमावं म्हणून किती खोटं खोटं भांडतेस गं, गुणाची आहेस. पोटच्या लेकीशिवाय दुसरी कोणी एवढं करणार नाही.

पेन्सिल का थांबली? लिही, गुणाची आहे. लाजायचं काय त्यात.

१२ एप्रिल

डॉक्टरांनी तासभर बाहेर जायला परवानगी दिली आणि हे सरळ लिलावाला निघाले. उघड्या. घराण्यात हातोडा ऐकल्याशिवाय करमत नाही कोणाला. सूनबाई म्हणाली, मी येते, बाबांना सांभाळायला. बघा, म्हटलं.

तिथे पोचल्यावर हे डावीकडे बसले, मी शेजारी. सूनबाई मात्र उजव्या बाजूला, पार पलीकडे. मी खुणेने बोलावलं तर तिने वर पंख्याकडे बोट दाखवलं. पंखा बंद होता.

चौथी का पाचवी वस्तू पत्र्याचा मासा निघाला. त्याच्या तोंडात पेन्सिल घालून फिरवायची, साली शेपटीतून पडतात. यांनी हात वर केला. एका चष्मेवाल्याने केला. यांनी केला, चष्मेवाल्याने सोडून दिलं. हातोडा पडणार, तेवढ्यात पलीकडून एक हात वर आला.

मी वाकून पाहिलं. माझी सून.

मला वाटलं चुकून झालं. यांनी हात वर केला, हिने पुन्हा केला. लिलाववाल्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि मग माझ्याकडे, की आजी, समोरची बोली तुमच्या सुनेचीच आहे ते यांना सांगू का. मी खांदे उडवले. यांना ठाऊक होतं. हे तर सगळे दात दाखवून हसत होते. ही मात्र हसत नव्हती, लिलाववाल्याकडे बघतही नव्हती. पंख्याखाली का बसली ते तेव्हा मला कळलं. तिथून यांचे कान सरळ दिसतात.

आणि त्या दिवशीचं दीडपटही कळलं. इतके दिवस मी घरात, शेजारी, औषधवाल्या बाईकडे सांगत सुटले होते, की सासऱ्यासाठी सुनेने जीव टाकला. त्या लखोट्यात सासरा कुठेच नव्हता. होतं ते नुसतं इंजिन, तिला हवं होतं म्हणून. डोळ्यांत पाणी आलं तेही इंजिनासाठी, आणि बसमध्ये पाठ थोपटत होते मी. चांगलं ठसठशीत लिही, सूनबाई. लिहिताना हसलीस तरी चालेल.

कान पांढरे झाले. ही एक पायरी वर चढली आणि मासा घेऊन गेली.

येताना बसमध्ये तिघांना एकच बाक मिळाला. हे खिडकीशी, ही दुसऱ्या टोकाला, मध्ये मी. हे तिच्याशी बोलेनात.

"तिला विचार," मला म्हणाले, "माशाची शेपूट नवीन बसवलेली आहे, ते तरी पाहिलं का?"

"बाबांना सांगा," ही म्हणाली, "शेपूट मूळचीच आहे, आणि त्यांनाही ते माहीत आहे, म्हणूनच एवढे वर गेले."

"तिला म्हणावं, मी मुद्दाम वर नेलं. तिचे पैसे घालवायला."

"बाबांना म्हणावं, त्यांच्या कानांना तसं वाटलं नाही."

यांनी आपले कान चाचपले. "तिला म्हणावं, पुढच्या वेळी मी टोपी घालून येणार आहे."

मी म्हटलं, मी उठून उभी राहते, तुम्ही दोघं शेजारी बसा आणि काय ते एकमेकांना तोंडावर सांगा. माझा घसा सुकला.

तर यांनी एका बाजूने आणि हिने दुसऱ्या बाजूने माझा हात धरला आणि मला जागेवर खाली बसवलं.